अर्धी लंका

श्रीलंका एका खेपेत पुरी बघायला जाऊ नका. अर्धीच बघा. कुठली अर्धी, हे तुम्ही कोणत्या महिन्यात निघता त्यावर ठरतं; आणि उरलेली अर्धी पुन्हा केव्हातरी जाऊन बघण्याइतकं ते बेट आपल्याला जवळ आहे. बेळगाव-खानापूरकडच्या ज्यांनी ज्यांनी मला विचारलं, की लंकेला आपलं आपण जाता येतं का, त्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगत आले आहे. बाकी सगळं त्यामागून येतं.

आमच्या भागात लंका म्हटलं की रामायणाच्या नावाने निघणाऱ्या सहली आठवतात. आठवडाभरात कोलंबो, कँडी, नुवारा एलियाजवळची अशोकवाटिका, पार पूर्वेला त्रिंकोमालीचं कोनेश्वरम, आणि जमलं तर खाली गॉलचा किल्लाही. शहापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू अशाच सहलीला जाऊन आल्या. "गाडीतनं उतरायचं, दर्शन घ्यायचं, परत गाडीत बसायचं. जेवण पण आपलंच देतेत की," असं त्या समाधानाने सांगतात. ज्यांना गुडघ्यांनी जेरीला आणलंय त्यांनी तसंच जावं, असं मलाही वाटतं. पण ज्याला बेळगावच्या सीबीटी स्टँडवर धावत्या गर्दीत बस गाठता येते, उभ्याने खानापूरपर्यंत जाता येतं, त्याने लंकेतले दिवस बंद काचांच्या गाडीत घालवू नयेत. त्या देशाची खरी ओळख त्याच्या साध्या बसमध्ये होते, आणि साध्या बसने फिरायचं तर अर्धंच बेट पुरं होतं.

बेटाचं क्षेत्रफळ साधारण 65,600 चौरस किलोमीटर, म्हणजे कर्नाटकाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. नकाशावर सगळं हाताशी असल्यासारखं दिसतं, आणि बेत तिथेच फसतात. रस्ते अरुंद, वळणांचे, गावागावांतून जाणारे. माझा हिशेब सोपा आहे: द्रुतगती मार्ग सोडून बाकी कुठेही किलोमीटरला तीसने भागायचं, येतील तितके तास धरायचे. कोलंबो ते कँडी साधारण 115 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार तास. डोंगरात त्याहून जास्त. एका दिवसात दोन गावं उरकायचा बेत केला, की दिवस रस्त्यावरच जातो.

आता पावसाचं. आपल्याला पावसाळा एक, त्यांना दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगरांच्या पश्चिम उतारांवर पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडचा पाऊस त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफना भिजवतो. मधले डोंगर ढग अडवून धरतात. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कणकुंबी-जांबोटीला पाऊस झोडपत असतो तेव्हा अथणीतले लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. लंकेत तेच घडतं, फक्त सहा महिन्यांनी बाजू बदलते.

म्हणून डिसेंबर ते मार्च निघालात तर पश्चिम किनारा, दक्षिण आणि डोंगर ही तुमची अर्धी: नेगोंबो, कँडी, हॅटन, एल्ला, मग खाली उतरून तिस्समहाराम, कतरगाम, मातर, गॉल आणि किनाऱ्याकिनाऱ्याने परत कोलंबो. मे ते सप्टेंबर निघालात तर उत्तर आणि पूर्व: अनुराधपुर, जाफना, त्रिंकोमाली, पोलोन्नरुव, सिगिरिया. आपल्या मुलांना उन्हाळ्याची सुटी असते तेव्हा त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो. खानापूरकडे रोपलावण उरकून श्रावणाची उसंत मिळते तेव्हाही तो शांतच असतो, हे शेतकरी कुटुंबांनी खास ध्यानात घ्यावं. टाळायचा तो काळ दसऱ्याच्या सुटीपासून दिवाळीनंतरपर्यंतचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्हीकडे वळवाचा पाऊस असतो, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास उठतात. नोव्हेंबर 2025च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळ आलं. डोंगर कोसळले, शेकडो माणसं गेली. सुटी आहे म्हणून त्या महिन्यात जाऊ नका, एवढं मी हक्काने सांगेन.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते, तिला ईटीए म्हणतात. शुल्क आहे की माफ, हा नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला आहे. तेव्हा लंका सरकारच्याच संकेतस्थळावर बघायचं. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर पैसे भरायचे नाहीत. जायचं बेंगळुरूमार्गे. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभरात बेंगळुरू, आणि तिथून कोलंबोला थेट विमान, दीड तासाच्या आसपासचं. घड्याळाला हात लावावा लागत नाही, तिथली वेळ आपलीच. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने. फक्त विजेच्या खाचा पुष्कळ ठिकाणी तीन चौकोनी पिनांच्या असतात, तेव्हा एक अॅडॉप्टर न्यायचा.

विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे. रात्री उतरलात तर कोलंबोकडे धावू नका. दहाएक किलोमीटरवर नेगोंबो आहे, मासेमाऱ्यांचं गाव. तिथे मुक्काम करावा आणि सकाळी तिथल्याच स्टँडवरून कँडीची बस धरावी. दिवसा उतरलात आणि कोलंबोलाच जायचं असलं तर 187 क्रमांकाची बस आहे. आपल्या एका रुपयाला तिथले तीनाहून जास्त रुपये मिळतात. फेब्रुवारी 2024पासून तिथे आपलं यूपीआयही चालतं, पण ते शहरातल्या दुकानांत. बसमध्ये, शहाळंवाल्याकडे, खेड्यातल्या घरगुती मुक्कामात रोखच लागते, आणि तीही सुटी.

बसबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे.

सरकारी बस लाल रंगाची. तिला तिथले लोक लंगम म्हणतात. खासगी बस निळ्या-पांढऱ्या, रंगवलेल्या, आत देवांचे फोटो आणि मोठ्याने गाणी. दोन्हींत अशोक लेलँड आणि टाटाच्या गाड्या भरपूर, त्यामुळे गिअर टाकतानाचा आवाज ऐकला की आपण चिक्कोडीच्या रस्त्यावर आहोत असं वाटतं. मार्गांना ठरलेले क्रमांक आहेत आणि ते पाठ केले की अर्धं काम होतं: 1 म्हणजे कोलंबो-कँडी, 2 म्हणजे किनाऱ्याने गॉल आणि मातर, 99 म्हणजे डोंगरातून बदुल्ला. पाटीवरची लिपी येत नसली तरी आकडा वाचता येतोच. स्टँडवर उभं राहून आपल्या गावाचं नाव मोठ्याने म्हणायचं. कोणीतरी हाताला धरून बसपर्यंत नेऊन सोडतं. हे मी अनेक गावांत अनुभवलं, आणि त्याबद्दल कोणी पैसे मागितले नाहीत.

चालकामागची पहिली आसनं बौद्ध भिक्खूंसाठी राखीव असतात. बस रिकामी असेल तेव्हा बसा, पण भिक्खू चढले की लगेच उठायचं. आणि बायकांनी भिक्खूंच्या शेजारी बसायचं नाही. त्यांच्या व्रताचा तो भाग आहे, आपला अपमान नाही. मोठी बॅग चालकाच्या डाव्या हाताला किंवा मागच्या दारापाशी ठेवतात. वातानुकूलित छोट्या बसमध्ये बॅगेचंही तिकीट घेतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. भाडं आधी शेजारच्या बाईला विचारून ठेवावं. ती बरोबर सांगते, वाहकालाही ऐकू जाईल अशा बेताने सांगते.

माझ्याबरोबर माझी अक्का होती. तिचं आयुष्य वडगावात गेलं. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून ती मैत्रिणींबरोबर सौंदत्तीला, गोकर्णाला, धर्मस्थळाला बसने जाऊ लागली. आधार कार्ड पर्समध्ये आणि डबा पिशवीत. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांनी या दोन-तीन वर्षांत नवऱ्यावाचून, मुलावाचून पहिल्यांदा लांबचा प्रवास केला. त्यांच्याकडे बघून मला पक्कं वाटतं, की या बायका लंकेत उत्तम फिरतील. अक्काला इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नाही. पण मराठी घरातली आणि कानडी बाजारातली ती आहे. समोरच्याची भाषा आपली नसली तरी बोलणं थांबवायचं नसतं, हे ती लहानपणापासून करत आली आहे. भाजीवाल्याशी एका भाषेत, बस वाहकाशी दुसऱ्या, दवाखान्यात तिसऱ्या. कँडीच्या बाजारात ती मराठीत भाव करत होती, बाई सिंहलीत उत्तर देत होती, आणि व्यवहार झाला. सीमाभागात वाढलेल्या माणसाची ही मोठी शिदोरी आहे, आणि ती कामी आणायला लंकेसारखा देश नाही.

रेल्वेचं दुसरं प्रकरण. कोलंबो फोर्टहून गॉलकडे जाणारी गाडी मैलोगणती समुद्राला लागून धावते. जाताना उजव्या हाताला बसा. हिक्कडुवच्या आधी परेलिय नावाचं गाव लागतं. 26 डिसेंबर 2004च्या त्सुनामीने तिथे एक भरलेली आगगाडी रुळांवरून उचलून फेकली. एका गाडीत हजाराहून जास्त माणसं गेली. रस्त्याला लागून तिथे स्मारक आहे आणि उंच बुद्धमूर्ती आहे. गॉलला मुक्काम असेल तर बसने मागे येऊन तिथे थोडा वेळ थांबावं असं मला वाटतं. समुद्र बघायला आपण जातो, तर त्याने काय नेलं तेही बघावं.

डोंगरातली गाडी सगळ्यांना ठाऊक असते: कँडीहून हॅटन, नानू ओया, एल्ला. रूळ आपल्याच रुंदीचे, आणि पट्टिपोल स्टेशन जवळजवळ 1,900 मीटर उंचीवर. एल्लाजवळचा नऊ कमानींचा पूल 1921चा, विटा-दगड-सिमेंटचा, पोलाद न वापरता उभा केलेला. आरक्षण तीस दिवस आधी उघडतं आणि दलाल ते उचलतात. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचं बिनआरक्षणाचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं. पर्यटकांची झुंबड कँडी ते एल्ला या पट्ट्यात असते. हॅटनपर्यंत बसने जाऊन तिथे गाडीत चढलं, किंवा एल्लाच्या पुढे बदुल्लापर्यंत गेलं, तर जागाही मिळते आणि शाळेची मुलं, भाजीच्या टोपल्या, पोस्टमन यांची सोबतही. दारातून लोंबकळत फोटो काढताना माणसं जिवानिशी गेली आहेत. मुलं बरोबर असतील तर दाराजवळ उभं राहू देऊ नका. आम्ही गेलो ते दित्वा वादळाच्या आधी. त्या वादळात या मार्गाचं फार नुकसान झालं, तेव्हा गाडी कुठून कुठवर धावते हे स्टेशनात विचारूनच बेत करा. गाडी नसेल तिथे बस आहेच.

त्या खिडकीतून दिसणाऱ्या चहाच्या मळ्यांबद्दल चार ओळी लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. इंग्रजांनी आधी तिथे कॉफी लावली, ती रोगाने गेली, मग चहा आला. त्यासाठी तामिळनाडूतून मजूर आणले, पिढ्यान्‌पिढ्या राबवले. देश स्वतंत्र झाला आणि 1948च्या नागरिकत्व कायद्याने त्यातल्या बहुतेकांना देशच उरला नाही. 1964 साली सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला: सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख लंकेने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. माणसांना न विचारता माणसांची वाटणी. शेवटचा गुंता सुटायला 2003चा कायदा यावा लागला. पाठीवर पोतं बांधून पानं खुडणाऱ्या बायकांचे फोटो सगळेच काढतात. विचारून काढा. तलवाकेलेच्या स्टँडवर अशा एका बाईशी अक्का बराच वेळ बोलत बसली होती. तिची मुलगी कोलंबोत कापडाच्या कारखान्यात कामाला, नातू शाळेत. निघताना तिने अक्काला चहाची पुडी दिली, पैसे घेतले नाहीत.

लंकेत सगळीकडे पाट्या तीन लिप्यांत असतात: सिंहली, तमिळ, इंग्रजी. स्टेशन, पोस्ट, बसचं कपाळ, पोलीस चौकी, सगळीकडे. आमच्याकडून गेलेल्या माणसाचं लक्ष त्या पाट्यांकडे आपोआप जातं. 1956 साल आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. आम्ही मराठी बोलणारे म्हैसूर राज्यात गेलो ते त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला. त्याच 1956 साली लंकेत सिंहली ही एकच राजभाषा करणारा कायदा झाला. तमिळ बोलणाऱ्यांना आपल्याच देशातल्या कचेरीत परक्यासारखं उभं राहावं लागलं. पुढे काय काय झालं ते जगाला माहीत आहे: 1983 ते 2009 असं लांबलेलं यादवी युद्ध. तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला तो 1987च्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आग लागल्यानंतर. आज त्या तीन ओळी पाटीवर शेजारी शेजारी शांतपणे दिसतात, आणि त्यांची किंमत किती मोठी पडली आहे हे मला बेळगावच्या रस्त्यांवर वाढल्यामुळे जास्त जाणवतं. पाटीवर आपली लिपी असावी एवढीच इच्छा असलेली माणसं मी माझ्या घरात पाहिली आहेत.

म्हणून दुसऱ्या अर्ध्या लंकेत जाल तेव्हा जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय चुकवू नका. 1981च्या 31 मेच्या रात्री ते जाळलं गेलं. सुमारे 97,000 पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली, त्यात दुसरी प्रत नसलेली ताडपत्रंही होती. आता ती पांढरी, घुमटांची इमारत पुन्हा उभी आहे, आत मुलं परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असतात. बाहेरून आलेल्यांना ठरावीक वेळीच आत सोडतात, तेव्हा आधी विचारून जा. गणपत गल्लीतल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्राच्या लाकडी स्टँडपाशी उभं राहून मी वाचायला शिकले. जाफन्यात वाचनकक्षाच्या दाराशी उभी होते तेव्हा मला रडू आवरलं नाही, आणि शेजारून गेलेल्या ग्रंथपालबाईंनी काही न विचारता खुर्ची दिली.

आणखी एक ठिकाण कुठल्याच सहलीच्या कार्यक्रमात नसतं, पण बेळगावच्या माणसाने तिथे गेलंच पाहिजे. कोलंबोला लागून श्री जयवर्धनपुर कोट्टे, तिथे संसदेच्या परिसराजवळ बत्तरमुल्लाच्या बाजूला भारतीय शांती सेनेचं स्मारक आहे. ते युद्ध थांबवण्यासाठी जुलै 1987मध्ये झालेल्या भारत-लंका करारानंतर आपली सेना तिथे गेली, मार्च 1990मध्ये परत आली. जवळजवळ 1,200 जवान परत आले नाहीत. त्यांची नावं तिथे काळ्या दगडावर कोरलेली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही त्या मोहिमेत होते, आणि मराठा सेंटर तर आमच्या गावात. पहाटे कॅम्पच्या बाजूला फिरायला गेलं की रंगरुटांची कवायत ऐकू येते, हे बेळगावकराला रोजचं. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहत. जाफन्याची माती तांबडीलाल आहे आणि ताडाची झाडं रांगेने उभी असतात, शेताला कुंपणही ताडाच्या झावळ्यांचं, असं ते आम्हा मुलांना सांगत. लढाईबद्दल फारसं नाही, मातीबद्दल आणि विहिरींबद्दल. मी जाफन्याला पोचले तेव्हा अगदी तसंच होतं. स्मारकाजवळ जायला कोलंबोहून बत्तरमुल्लाची बस, आणि पुढे थ्री-व्हीलर. सकाळी जा. ऊन चढल्यावर दगड तापतो आणि नावं वाचत फिरणं जमत नाही. आणि तिथे गेल्यावर नावं वाचावीत.

खाण्याची चिंता आमच्याकडचे शाकाहारी लोक फार करतात. तेवढी गरज नाही. भात आणि चार-पाच भाज्या हे तिथलं दुपारचं जेवण, डाळीला परिप्पु म्हणतात, नारळाच्या दुधात केळफूल, फणस, बीट, काहीही शिजवतात. एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवायचं: पोल सांबोल नावाची ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी. ती आपल्याला हमखास आवडते, पण तिच्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा चुरा असतो. भाज्यांतही तो कधी कधी पडतो. सांगितलं तर वेगळं करून देतात. कँडीजवळ आणि इतर गावांत कृषी खात्याने सुरू केलेली 'हेल बोजुन' नावाची उपाहारगृहं आहेत, बायकांनी चालवलेली. नाचणीची भाकरी, पालेभाज्यांची पेज, गरम आप्पे, सगळं समोर करून वाढतात आणि भाव घरच्यासारखे. उत्तरेत शाकाहारी तमिळ खाणावळी जागोजागी. रस्त्यावर नारिंगी रंगाचं शहाळं मिळतं, त्याचं पाणी पिऊनच दुपारी फिरावं. घरगुती मुक्कामात रात्रीचं जेवण हवं असेल तर दुपारीच सांगून ठेवायचं, कारण ती बाई त्यानंतर बाजारात जाते.

देवस्थानांचे नियम कडक आहेत आणि ते मनापासून पाळावेत. खांदे आणि गुडघे झाकलेले, पायांत काही नाही, डोक्यावर टोपी नाही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. अनुराधपुरच्या स्तूपांभोवती दुपारी फरशी इतकी तापते की पाय टेकवत नाही. जाडे मोजे घालायला हरकत नसते, ते पिशवीत ठेवा. जाफन्याच्या नल्लूर मंदिरात पुरुषांना सदरा काढूनच आत जावं लागतं. सिगिरिया, पोलोन्नरुव, अनुराधपुर इथलं परदेशी तिकीट महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना ते निम्म्या दरात मिळत आलं आहे. त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवून मागावं लागतं, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. सिगिरियाला दार उघडायच्या वेळी पोचा. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि दहानंतर कातळ भाजतो.

पौर्णिमा बघून जा. दर पौर्णिमेला तिथे सार्वजनिक सुटी असते, तिला पोया म्हणतात. दारू आणि मांसविक्री बंद, पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं देवळांकडे निघालेली, आदल्या दिवसापासून बस-गाड्या तुडुंब. सौंदत्तीच्या पौर्णिमेला रस्ता कसा असतो हे ज्याने पाहिलंय त्याने कालनिर्णय समोर घेऊनच तारखा ठरवाव्यात. पण त्यातली एखादी पौर्णिमा मुद्दाम गाठा, प्रवास न करता एकाच गावात राहून. मे महिन्यातल्या वेसाकला घरोघरी कागदी कंदील असतात आणि रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही जेवू घालतात. जात, धर्म, देश कोणी विचारत नाही. आम्ही तिथे पंगतीत बसून जेवलो. नंतर अक्का उठली आणि वाढायला लागली, त्यांनीही लागू दिलं.

जपायचं ते समुद्राला आणि हत्तीला. आपण घाटमाथ्यावरची माणसं. तळ्यात, विहिरीत पोहणारी. लाटेचं पाणी वेगळं. वरून शांत दिसणाऱ्या किनाऱ्यावर आत ओढणारा प्रवाह असतो. लाल निशाण असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जायचं नाही, आणि निशाण नसेल तर मासेमाऱ्याला विचारायचं. हबरण, पोलोन्नरुव, उडवलव या बाजूला जंगली हत्ती संध्याकाळी रस्त्यावर येतात, तेव्हा अंधार पडल्यावर दुचाकी किंवा थ्री-व्हीलरने तिकडे फिरू नये. हत्ती बघायचेच असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाच्या तलावाकाठी जावं; पाणी आटलं की तिथे कळपच्या कळप कोवळ्या गवतावर येतात. हत्तीवर बसायचं मात्र नाही, कुठेच नाही. मलेरिया देशातून गेला आहे, पण डेंग्यू आहे. डासांचं मलम रोज लावा. मातलेच्या रस्त्यावर मसाल्याच्या बागा लागतात. बाग दाखवणं फुकट असतं, शेवटी तेलं आणि चूर्णं गळ्यात मारतात. लवंग-वेलची गावातल्या बाजारात घ्या.

दुसऱ्या अर्ध्यासाठी कोलंबोमार्गेच जायला हवं असं नाही. चेन्नईहून जाफन्याला थेट विमान आहे. आणि तामिळनाडूतल्या नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरै बंदरापर्यंत बोट जाते. ती ऑक्टोबर 2023मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली, ऑगस्ट 2024मध्ये पुन्हा निघाली. ईशान्येचा पाऊस लागला की समुद्र खवळतो आणि फेऱ्या थांबतात, त्यामुळे बोटीने जायचं तर मे ते सप्टेंबर हाच काळ, आणि उत्तर-पूर्वेची अर्धी बघायचाही हाच. बेळगावहून बेंगळुरू, तिथून रात्रीच्या गाडीने तामिळनाडू, सकाळी बोट, दुपारी जाफना. बोटीचं तिकीट हातात आल्यावरच गाडीचं काढा, आणि नागपट्टिणमला एक रात्र जादा धरा, कारण वाऱ्यामुळे फेरी आदल्या दिवशीही रद्द होते.